फोनमधल्या आजीकडून

विहीणबाई,

काल फोन मधेच कट झाला, म्हणून "रागावलात का?" असं विचारलंत. रागावले नाही हो, जळते तुमच्यावर. आता ऐकाच.

नात तुम्हाला "आजी" म्हणते आणि मला "फोनमधली आजी". जन्मभर शिवणकाम केलं, गिऱ्हाइकाला नुसतं बघून माप सांगायची. नातीचा फ्रॉक मात्र फोनवर बघून शिवला, तो आखूड झाला. तुम्ही गुपचूप खाली झालर लावलीत, वर म्हणालात, "अगदी छान बसला!" फोटोत मला झालर दिसणार नाही असं वाटलं? टाके सरळ पडलेत, त्यानेच अंगाचा तिळपापड होतो.

काल ती तापाने फणफणली होती. तुमच्या मांडीवर गाल टेकून पडलेली, आणि तुमचा हात सारखा तिच्या केसांतून फिरत होता. मला राहवलं नाही. मीही तिच्या गालावर हात ठेवायला गेले. फोन बंद करायचं लाल बटण नेमकं तिथेच होतं.

हे पाठवणार नाहीच. "रेंज गेली होती" एवढंच कळवेन. आज ताप बघाल तेव्हा माझ्याही वाटचा हात फिरवा, हे मी तुमच्याकडे मागायची नाही. मेले तरी नाही.

तुमची विहीण,
फोनमधली