कढीभाताआधी

मुलुंड,
१३ जानेवारी १९८७

प्रिय ताई,

हे पत्र कॉलेजच्या वाचनालयात बसून लिहिते आहे. घरी लिहिता आलं नसतं. तुला माहीतच आहे, आपल्या खोलीत कागद पुढे घेतला की आई खांद्यावरून बघून जाते आणि तिला वाचता येत नसलं तरी मी कोणाला लिहितेय ते ओळखते. तू गेल्यापासून मी तुला दोनच पत्रं लिहिली, दोन्ही खुशालीची. खुशाली खोटी नव्हती, पण तेवढीच लिहायची हिंमत होती. आज आधी मुद्दा लिहिते, नाहीतर मी घोळ घालत बसेन. माझं लग्न ठरतंय. मंडळी बोरिवलीची, मूळ आपल्याच बाजूची. मुलगा टेलिफोन खात्यात कायम आहे. पंचवीस तारखेला साखरपुडा आणि फेब्रुवारीत लग्न. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये. त्यांचं म्हणणं असं की नोकरीला पाठवायची नाही तर परीक्षा कशाला. मुलगा वाईट नाही, तीच तर अडचण आहे. वाईट असता तर सांगायला तोंड तरी असतं. मला बाबांना इतकंच सांगायचं आहे की परीक्षेपर्यंत थांबा, आणि बोरिवलीचे थांबणार नसतील तर हे स्थळ मला नको. महिना झाला, हे एक वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडत नाही.

का पडत नाही ते तुला सांगायला नको. घरातली सगळी बोलणी जेवताना होतात. बाबा पहाटे विक्रोळीला कंपनीत जातात, आले की आडवे होतात, उठले की खाली पारावर. चौघं एका जागी बसायचो ते फक्त पानावर, आता तिघं बसतो. आईचा तो नियम अजून चालू आहे, 'काय सांगायचां तां कढीभाताआधी सांगून घेवा.' आमटीभात होईपर्यंत बाबा साधे असतात, पण शेवटच्या भातावर सोलकढी पडली की चेहरा चढायला लागतो. आधी कान, मग गाल, मग मान, पार गळ्यापर्यंत. हात खाजवत बसतात, कोणाकडे बघत नाहीत. आई म्हणायची, बाबा राग पहिल्या घासाला गिळतात तो कढीभाताला वर येतो. आपण दोघी भांडी घासताना त्यावर हसायचो, पण समोर हसायची छाती नव्हती. आईने तेवढ्यासाठी आमटीतली मिरची कमी केली, हात खाजतात म्हणून कपड्यांचा साबण बदलला. तुला आठवतं का, आपण लहान असताना बाबा असे नव्हते. कुंडलिकमामा गेला त्याच्यानंतर हे सुरू झालं. आई म्हणायची, मेहुण्याच्या जाण्याने माणूस तापट झाला. आपण ते मानलं, कारण दुसरं काही मानायला नव्हतंच.

तू मात्र त्या दिवशी नियम पाळलास. कढीभाताआधीच सांगितलंस, तेही एका दमात. मुलाचं नाव नंदकुमार, कोळी, मढचा, तुझ्या पॅकिंगच्या कंपनीत मशीन दुरुस्तीला येतो, आणि तुम्ही ठरवलं आहे. बाबा जेवत राहिले. आईने कढी वाढली तोवर बाबांचा चेहरा तिच्या वाटीतल्या कढीपेक्षा लाल झाला होता. ते ताटावरून उठले, उठताना झोक गेल्यासारखं झालं, आणि मागच्या खिडकीत जाऊन दोन्ही हातांनी गज धरून पाठमोरे उभे राहिले. बोटं पांढरी पडली होती आणि कान मागूनही लाल दिसत होते. आई रडायला लागली. तू थोडा वेळ दाराशी उभी राहिलीस, बाबा वळतील म्हणून. ते वळले नाहीत. मग तू पिशवी उचललीस, चप्पल घातलीस आणि गेलीस. तीन वर्षं आम्ही तिघांनी त्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. आई फक्त एकदा म्हणाली होती की तुम्ही एवढे भडकलात, पोर जाणार नाही तर काय करील. त्यावर बाबा चप्पल घालून खाली पारावर गेले. मला वाटलं, राग अजून उतरला नाही.

आता परवाच्या रविवारचं सांगते. ह्या लग्नाच्या विचाराने माझं तोंड आलं होतं. जिभेवर, गालाच्या आत फोड, तिखट तर सोडच, साधा भात जाईना. वर्गातली एक मुलगी म्हणाली, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घे, दोन दिवसांत जाईल. देवाच्या फळीवर बाबांची ताकदीच्या गोळ्यांची बाटली असते ना, तीच ती, दवाखान्यातून आणतात ती. त्यांनीच सांगितलं होतं की जीवनसत्त्व आहे. न विचारता घ्यावी की नाही, याचा मी बराच वेळ विचार केला. बाबा बाजारात गेले होते, आई नळावर होती. शेवटी म्हटलं, जीवनसत्त्वाने काय होणार आहे, आले की सांगू. पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. गोळी घेतली, वर पुन्हा गरम चहा घेतला आणि पुस्तक घेऊन बसले.

पहिल्यांदा डोक्यात केसांच्या मुळाशी मुंग्या आल्या. मग कान तापले, इतके की मी हात लावून पाहिले. मग चुलीवर तोंड धरल्यासारखी धग आली, गालावरून मानेवर, मानेवरून छातीत आणि दंडावर उतरली, आणि सगळ्या अंगाला खाजकुयली लागल्यासारखी खाज सुटली. छाती धडधडत होती. मला वाटलं, मी चुकीची गोळी घेतली आणि आता मरणार, आणि आईला वाटणार की लग्नाच्या भीतीने पोरीने काहीतरी खाल्लं. मोरीपाशी टांगलेल्या आरशात बघितलं. ताई, आरशात बाबा होते. कढीभाताचे बाबा. तेच कान, तीच लाल मान, तेच ताठरलेले गाल. आणि मला राग आलेला नव्हता, गं. मला कसलाही राग नव्हता. मी नुसती घाबरले होते.

तेवढ्यात आई कळशी घेऊन आत आली. माझ्याकडे बघून तिथेच थांबली, कळशी खाली ठेवायचंही विसरली. मग हळूच म्हणाली, 'इतक्या रागावाक काय झालां गो? स्थळ पसंत नाय तुका?' महिनाभर मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी 'नाय' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं, तिने बाबांना सांगितलं असतं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, तसं काही नाही, उकडतंय. जानेवारीत. तू आत्ता कपाळावर हात मारशील. पण त्या घडीला मला वाटलं की हा चेहरा माझा नाही, गोळीचा आहे. गोळीने आणलेल्या रागाच्या जोरावर आईकडून काही कबूल करून घेणं म्हणजे फसवणूक. चेहऱ्याबद्दल खरं वागायला गेले आणि मनाबद्दल खोटं बोलून बसले. आईने सुटकेचा श्वास टाकला आणि पुन्हा नळावर गेली.

मग बाबा आले. हातातल्या पिशवीत बांगडे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पिशवी दारातच टाकली. 'गोळी खाल्लंस काय गो?' मी मान हलवली. त्यांनी माझा दंड धरून मला मागच्या खिडकीत नेलं, स्टूलावर बसवलं, पंचा भिजवून मानेवर ठेवला. म्हणाले, घाबरू नको, अर्ध्या तासात आपोआप उतरतं, एकदम उठू नको, घेरी येते, गज धर. गज धर म्हणाले, ताई. आणि मग शेजारी उभे राहून, माझ्याकडे न बघता, त्यांनी सगळं सांगितलं. मामा कामावरच छातीत कळ येऊन गेला, त्यानंतर कंपनीने सगळ्यांना तपासलं, तेव्हा बाबांच्या रक्तात चरबी फार निघाली, छातीतही दुखत होतं. डॉक्टरांनी ह्या गोळ्या दिल्या. जीवनसत्त्वच आहे, पण एवढ्या मोठ्या मात्रेत घेतलं की रक्तातली चरबी उतरवतं आणि अंग असं पेटवतं. ते जेवायला बसण्याआधी हात धुताना गोळी घेतात, आणि कढीभातापर्यंत ती चढते. पोटात जळजळतं, कातडी कोरडी पडते, साखर आणि यकृत बिघडत नाही ना ते बघायला मधून मधून रक्त द्यावं लागतं. घरात सांगितलं नाही ते आईसाठी. मामा गेल्यापासून छातीचं नाव काढलं की तिला भोवळ येते, हे तूही बघितलं आहेस. त्यांना वाटलं, रागीट नवऱ्याबरोबर बाई जगते, आजारी नवऱ्याच्या काळजीने मरेल.

मी विचारलं, मग ताई गेली त्या दिवशी? त्यांनी माझ्या मानेवरचा पंचा उचलून पुन्हा भिजवून ठेवला. म्हणाले की तुझं बोलणं ऐकून त्यांना धक्का बसला होता, हे खोटं नाही. पण तेवढ्यात तोंड पेटलं, डोकं फिरायला लागलं. अशा तोंडाने पोरीशी बोललो तर तिला वाटेल बाप खवळला, म्हणून उतरेपर्यंत थांबावं आणि मग वळावं असं त्यांनी ठरवलं. ते वळले तेव्हा दार उघडं होतं आणि आई जमिनीवर बसली होती. मी विचारलं, वळून काय बोलणार होता? 'इचारणार होतंय, त्या झिलाक जेवूक कधी घेवन येतंस.'

ताई, मी इथे थोडा वेळ थांबले होते. समोरचा मुलगा बघायला लागला म्हणून पुन्हा लिहिते. तुला हेही सांगते, बाबा रविवारी बाजारात दोन-दोन तास का लावतात ते मला आता कळलं. ते कोळणींना विचारत फिरतात की मढची कोण आहे का. एक भेटली होती म्हणे दिवाळीत, तिने सांगितलं की नंदूची बायको बरी आहे, सुकं वाळत घालायला शिकली. ते वाक्य बाबांनी मला दोनदा सांगितलं.

तू म्हणशील, मग त्याच वेळी तुझं का नाही सांगितलंस? सांगणार होते. चेहरा उतरत आला होता, शब्द जिभेवर होते. तेवढ्यात ते म्हणाले की माझं तरी सगळ्यांच्या देखत, रीतीने होतंय, तेवढ्या एका गोष्टीवर त्यांना हल्ली झोप लागते. आता सांग, त्यानंतर मी कसं बोलू? इतके दिवस त्यांच्या रागाला भीत होते. तो राग नव्हताच हे कळलं, तर आता त्यांचं समाधान आडवं आलं. आणि शरीर तर ऐकायलाच तयार नाही. काल रात्री मी सगळं ठरवून पानावर बसले. कढी वाढली, बाबांचा चेहरा चढायला लागला, उलट ते माझ्याकडे बघून जरासे हसले, आमच्या दोघांचं गुपित म्हणून. मला पक्कं माहीत होतं की ही गोळी आहे. तरी माझी जीभ टाळूला चिकटली, हात भातातच थांबला. आईच मग म्हणाली, गप जेव, बघतंस ना त्यांचा तोंड.

बाबांनी मला एकच बजावलं, 'आवशीक सांगू नको.' ते शब्द मी नीट आठवून पाहिले आहेत. त्यांनी आईचं नाव घेतलं, तुझं घेतलं नाही. त्यामुळे मी शब्द मोडलेला नाही असं मला वाटतं. मोडला असेल तर मोडला. तुला आठवतं का, तू मला शाळेत घालायला नेलंस तो दिवस? तुझी शाळा सुटून वर्ष झालं होतं, तू कंपनीत पॅकिंगला लागली होतीस, अर्धा दिवस खाडा करून आली होतीस. बाईंनी नाव विचारलं आणि मी मुकी झाले. त्यांनी तीनदा विचारलं. तू वर बघितलं नाहीस, माझ्या वतीने बोलली नाहीस, फक्त कोपराने मला बरगडीत ढोसलंस, आणि माझ्या तोंडातून नाव असं उडालं की बाई दचकल्या. आपल्या घरात कोणी कॉलेजात गेलं ते त्या एका ढोसण्यावर.

म्हणून हे पत्र. पुढच्या बुधवारी, एकवीस तारखेला, रात्री जेवायला ये. भावोजींना घेऊन ये. बाबांनी त्यांना द्यायचं राहिलेलं आमंत्रण मी देते आहे. संक्रांतीचे दिवस आहेतच, तिळगूळ घेऊन दारात आलेल्याला आई परत पाठवणार नाही. येऊन माझ्या शेजारच्या पाटावर बस, तो कोणी उचललेला नाही. कढीभाताला बाबांचा चेहरा लाल होईल, तुला बघून नेहमीपेक्षा जास्तच वाटेल. ते उठतील, मागच्या खिडकीत जाऊन गज धरतील. आई रडेल. तू उठू नको, ताई. चपलेकडे बघूसुद्धा नको. अर्धा तास थांब. ते वळतील, तुला जे विचारायचं राहिलं ते विचारतील, तू त्यांना उत्तर दे. आणि ते झालं की मला एकदा कोपराने ढोस.

तुझ्या शेजारच्या पाटावरची, तुझीच,
सुगंधा