आकडेशास्त्री कविता वाचतात

४ नोव्हेंबर, मंगळवार

आली का पंचाईत! विद्यापीठाच्या गौरव सोहळ्यात यंदा कुणी आपल्याच तोंडाने आपलं कौतुक करायचं नाही, असा फतवा निघाला आहे. गेल्या वर्षी एकेक जण आपल्या संशोधनावर असा सुटला, की शेवटी सभागृहात डीनबाई आणि माइकवाला एवढेच उरले. म्हणून आता चिठ्ठ्या. ज्याच्या हाती ज्याचं काम येईल, त्याने ते पाच मिनिटांत लोकांना सांगायचं. अट एकच — विभाग वेगळा हवा.

माझ्या हाती कीटकवाल्या सरांचे शेणकिडे आले. आणि माझा नवा कवितासंग्रह कुणाकडे? संख्याशास्त्र विभागातल्या आमच्या आकडेशास्त्र्यांकडे. म्हणजे माझ्या सख्ख्या नवऱ्याकडे! डीनबाई म्हणाल्या, "विभाग वेगळाच आहे ना? घर एक असलं म्हणून काय झालं." सगळे हसले. मीही हसले.

संसारात माझे चार संग्रह झाले. त्याने एकही वाचलेला नाही. "मला त्यातलं काही कळत नाही," एवढंच म्हणतो. आधी राग यायचा, मग सवय झाली. आता भर सभागृहात माझ्या कवितेवर हा काय बोलणार? 

६ नोव्हेंबर

पुस्तक त्याच्या टेबलावर. पुस्तकावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा!

लेकीला फोनवर सांगितलं. म्हणाली, "बाबा आणि कविता? ताप बघितलास का त्यांचा?"

९ नोव्हेंबर, रविवार

वाचतोय! हातात पेन्सिल, ओळीखाली पट्टी. भाजी चिरता चिरता मी चोरून बघत होते. एका पानावर इतका वेळ थांबला, की मी कांदा जास्तच बारीक चिरला. काय खटकलं असेल? विचारलं नाही. "काही नाही" म्हणाला असता, आणि त्या "काही नाही"चा अर्थ लावण्यात माझा रविवार गेला असता.

११ नोव्हेंबर

कीटकवाल्या सरांची प्रयोगशाळा पाहिली. काचेच्या पेटीत एक किडा आपल्याहून मोठा गोळा मागच्या पायांनी ढकलत होता. गोळा निसटला तसे सर स्वतःशीच "अरे अरे" करत पेटीवर वाकले. माझं भाषण तिथेच तयार झालं. खूप दिवसांनी इतकी मजा आली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं एकदाचं! शेणकिड्यांना टाळ्या पडल्या. सर चष्मा पुसत माझ्या शेजारी येऊन बसले. मग आमचे आकडेशास्त्री उठले. हातात कागद नाही — माझा जीव टांगणीला.

म्हणाला, "मी अंदाज बांधणारा माणूस. पुढची ओळ काय असेल याचा अंदाज करत हे पुस्तक वाचलं. बहुतेक वेळा चुकलो. आमच्या विषयात याला नापास म्हणतात. कवितेत बहुधा पुस्तक चांगलं आहे असं म्हणत असावेत." मग एक कविता वाचून दाखवली. सावकाश, न अडखळता. मला स्वतःला ती इतकी नीट वाचता येत नाही.

मी रडले. सरळ लिहिते, कुणापासून लपवायचं आहे? रुमाल सापडेना, कीटकवाल्या सरांचा घेतला. परत करायचा राहिला.

फार फार बरं वाटलं. जे इतक्या वर्षांत मला जमलं नाही, ते एका चिठ्ठीने करून घेतलं.

१५ नोव्हेंबर

सकाळी चहा घेताना त्याला म्हटलं, "एवढं छान वाचतोस, मग आधीचे तीन का नाही वाचलेस?"

कप खाली ठेवला त्याने. "पहिला वाचला होता. छापून आला त्याच दिवशी. त्यात एक बाई बॅग भरून दाराशी उभी होती. पुढच्या पुस्तकात ती निघून गेली असेल असं वाटलं. उघडून बघायचा धीर झाला नाही."