भिंतीकडची चौतीस अंडी

मंगळवार, दहा तारीख
दुपारची सुट्टी

दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच चालतोयस ना? की काठी दाराला टेकवून खुराड्यापर्यंत धडपडत जातोस? मला माहितीय, जातोसच.

मी मजेत. खोलीत आम्ही चौघी. माझी खाट खिडकीशी, आणि खिडकीतून दिसतं ट्रकांचं आवार. कुठली गाडी कधी सुटते ते मला आता पाठ झालंय. बाकीच्या तिघी हसतात, म्हणतात, हिला पगार नको, वेळापत्रक द्या. काम अंड्यांचंच आहे. पट्ट्यावरून अंडी येतात, खालून दिवा असतो, तडकलेलं दिसलं की उचलून बाजूला ठेवायचं. पहिल्या दिवशी डोळे गरगरले. आता झोपेतही उचलेन. बूट मात्र चावतात. काल एक बूट काढून काम केलं, तर मुकादम म्हणाला, "दुसराही काढ, म्हणजे पळून जाणार नाहीस." माझी कीर्ती माझ्याआधी पोचते बघ.

तुला वाटेल, फोन असताना ही पत्र काय लिहीत बसलीय. तीनदा फोन केला होता. तू "बोल भिंगरे" म्हणालास की मी दुसरंच काहीतरी बोलत सुटते. मागच्या वेळी तर मी तुला अर्धा तास बुटांबद्दल सांगितलं. म्हणून कागद. कागद मधेच "बोल" म्हणत नाही.

आज तुझ्या उबवणीच्या यंत्रातल्या अंड्यांचा सतरावा दिवस. मोजतेय मी. शनिवारी पिल्लं फुटतील आणि रविवारी शाळेतल्या बाई न्यायला येतील. त्यांनी परसात नवं खुराडं बांधून घेतलंय ना? वहिनी म्हणत होती, दाराला बिजागरीही पितळी लावलीय. माणूस हौशी.

दादा, आपल्या साहेब कोंबड्याच्या तुऱ्याला लागलं होतं ना, ते जाळीने नव्हतं लागलं.

तू इस्पितळात होतास त्याच्या नवव्या दिवशी मधलं फाटक उघडं राहिलं. नळाकडच्या कप्प्यातला उनाड कोंबडा भिंतीकडच्या कप्प्यात घुसला. दोघांची जुंपली, त्यात साहेबाचा तुरा फाटला. मी आले तेव्हा साहेब टोपलीमागे दडून बसलेला आणि उनाड भिंतीकडच्या सहाही कोंबड्यांमध्ये मालकासारखा फिरत होता. मी त्याला धरून परत नळाकडे टाकलं, फाटकाची कडी लावली, साहेबाच्या तुऱ्याला हळद लावली. विषय संपला असं वाटलं. एका दुपारचा तर प्रश्न.

उनाड हा त्या सहाजणींचा सख्खा भाऊ, म्हणून तर तू त्याला वेगळा ठेवलायस, हे मला ठाऊक होतं. वाकड्या बोटांच्या पिल्लांची गोष्ट तू मला दहा वेळा तरी सांगितली असशील. एकाच घरातली जोडी लागली आणि आख्खी वीण वाया गेली, मग पुन्हा सुरुवातीपासून. सात वर्षं निवडून निवडून त्या सहाजणी केल्यास. पण मला वाटलं, त्या दिवसाची अंडी बाजूला काढली की झालं. काढलीही. दुसऱ्या दिवशीची पण काढली, उगाच खात्रीला. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने कोंबडीच्या पायातल्या कडीचा आकडा आणि तारीख घातली, टोक खाली करून ठेवली, तू सांगितलं होतंस तशी. तीच चौतीस तू आल्या दिवशी यंत्रात लावलीस.

परवा इथे चष्मेवाली काकू माझ्या शेजारी होती. तिने पूर्वी घरी कोंबड्या पाळल्यात. मी सहज विचारल्यासारखं केलं, "काकू, कोंबडा बदलला तर दुसऱ्या दिवसापासून अंडी नव्या कोंबड्याचीच ना?"

"कुठली गं! कोंबडी बेगमी करून ठेवते. एकदा कोंबडा लागला की दोन-तीन आठवडे पुरतं तिला."

"मग मधल्या अंड्यांचं काय?"

"काय म्हणजे? तळायची आणि खायची! बाप कोण ते तिला तरी कुठे माहीत?"

सगळ्या खो-खो हसल्या. माझ्यासमोरून चार तडकलेली अंडी तशीच पुढे गेली. मुकादम ओरडला ते वेगळंच.

म्हणजे त्या चौतिसांतली किती साहेबाची आणि किती उनाडाची, हे तुला नाही सांगता येणार, मला नाही, कुणालाच नाही. तू बाईंना शब्द दिलायस, ह्या पिल्लांवर डोळे मिटून पुढची पैदास धरा म्हणून. त्या धरतील. आणि दोन वर्षांनी त्यांच्या परसात वाकड्या बोटांची पिल्लं निघाली तर त्या तुझ्याकडे बघतील, माझ्याकडे नाही. मी तेव्हा कुठे असेन कोण जाणे.

वर मी "फाटक उघडं राहिलं" असं लिहिलंय. खोडत नाही, वाच तसंच. पण राहिलं नव्हतं. मी उघडलं.

तो उनाड सकाळपासून जाळीच्या कडेने येरझाऱ्या घालत होता. ह्या टोकापासून त्या टोकाला, परत, परत. जमिनीत वाट पडली होती त्याची. मला ते बघवेना. म्हटलं, पाच मिनिटं फिरू दे बिचाऱ्याला, मी उभी आहे ना इथे. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरी बोअरचं मशीन आलं. मी कधी जवळून पाहिलं नव्हतं. गेले. राखेसारखी माती उडत होती, लोक पैजा लावत होते किती फुटांवर पाणी लागेल. पाणी लागेपर्यंत उभी राहिले, दादा. दोन तास.

तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तू इस्पितळातून आलास, एक पाय लांब करून स्टुलावर बसलास, एकेक अंडं हातात घेऊन आकडे वाचलेस आणि वहिनीला हाक मारून म्हणालास, "बघ, हिने एक काम शेवटपर्यंत केलं." वहिनी म्हणाली, "सूर्य कुठे उगवला आज?" आणि तू तिच्यावरच चिडलास, माझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी कामाचं बोलावणं आलंय म्हणून निघाले. बोलावणं कुठलं! इथे येऊन दारोदार विचारत फिरले तेव्हा कुठे हे मिळालं.

आता नीट ऐक. पिल्लं फुटू दे. ती अंड्यांसाठी चांगलीच होतील, धडधाकट असतील ती ठेव. पण पैदाशीसाठी बाईंना एकही देऊ नकोस. त्यांना थांबायला सांग. आतापर्यंत ती बेगमी संपली असेल, आता लावशील ती अंडी खात्रीची.

बाईंना सांगणं मात्र तू करू नकोस. ते माझं काम. उद्या सकाळी अंड्यांची गाडी तुमच्या रस्त्याने जाते, ड्रायव्हर हे पत्र गुरुवारी वहिनीच्या हातात देईल. मी शनिवारी सुट्टी घेतलीय, दुपारच्या बसने निघते. रविवारी बाई येतील तेव्हा मी तिथे असेन.

असेन असं लिहिताना माझाच माझ्यावर पुरता विश्वास नाही. रस्त्यात तीन ठिकाणी बस बदलायची आहे आणि तू मला ओळखतोस. म्हणून सांगते, बाई आल्या आणि मी आलेली नसले, तर हे पत्र त्यांच्या हातात दे. पूर्ण. बुटांच्या गोष्टीसकट, एकही ओळ न झाकता.

तुझी बहीण, आणि भिंतीकडच्या त्या चौतिसांची जबाबदार,
धाकटी