एकविसावा हात

३ नोव्हें., सोम.
शिर्डीहून नि.चा फोन. धाकटा भाऊ असून उपदेश थोरल्याचा. "ताई, गोंदणाच्या एनएफटींचा आकडा कायमचा बंद कर. उद्या शंभर काढशील, मग ज्यांनी घेतल्या त्यांनी काय करायचं?" खरंय. गावातल्या वीस म्हाताऱ्या, वीस हात, वीस चित्रं; नेटवर कायमची नोंदलेली, एकेकाला मालकीहक्कानं विकलेली. गोंदलेल्यांपैकी फक्त ठकाबाई राहिल्या. हात पदराखाली घेऊन म्हणाल्या होत्या, "मेल्यावर एवढंच संगं येतं बाई. ते कशाला वाटू?" बरं, राहिलं.

६ नोव्हें.
शाळा सुटल्यावर संग्रह बंद केला. पडद्यानं दोनदा विचारलं, खात्री आहे? दाबलं. आता मलाही एकविसावं घालता येणार नाही. हुश्श. भजी केली.

११ नोव्हें.
ठकाबाईंचा निरोप: काढून घे. गेले. सगळे शेतावर भात सोंगायला, कापणीला; त्या एकट्या ओट्यावर. हाताचं पार चिपाड झालंय. तुळस, विंचू, आणि मनगटाशी एकटाच ठिपका. हा कुणाचा?
"थोरली लेक. आठ दिसाची गेली. तिला कुटं गोंदण हुतं? म्हून म्या माज्या हातावर घेतली. आता मी गेले का ती बी जळायची. तुज्या मोबाईलात ऱ्हाऊदे तिला."
कागदावर काढून घेतलं.
"ऱ्हाईल नव्हं?"
हो म्हणाले. संग्रह तर पाच दिवसांपूर्वीच बंद केलेला. तोंडावर खोटं. लाज वाटली पाहिजे मला.

१८ नोव्हें.
ठकाबाई गेल्या. काल.

२० नोव्हें.
भाकरीवर डाग पडला तरी दचकते. वर्गात पोरींनी ठिपक्यांची रांगोळी काढली, मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी.
नि. म्हणतो, "दुसऱ्या नावानं नवा संग्रह काढ, कोण बघतंय?" अरे, यापुढे एकही नाही असं मीच लिहून दिलंय ना! त्या शब्दावर लोकांनी घेतलंय. आणि ठकाबाईंना दिलेला शब्द? तो कुठं लिहिलेला नाही, एवढंच.

२१ नोव्हें.
त्यांच्या धाकट्या लेकीचा, सुमनचा फोन. "आई जाताना बोलली, थोरली आता मास्तरीणबाईंच्या मोबाईलात हाय. माज्या हातावं तर कायबी न्हाई. रविवारी येते, दावा."
या म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

२३ नोव्हें., रवि.
सुमन एस.टी.तून उतरली, चौकातून फोन आला. चहा ठेवलाय. पेन्सिलीचा कागद टेबलावर, शेजारी मोबाईल, त्यात वीस हात ओळीनं. ती एकेक बघत शेवटाला पोचणार आणि विचारणार, आमची कुठंय?
कडी वाजली.