शेजारच्या गावचं पाणी

सर, शनिवारी आमचं मैदान वाचलं, आणि हे सांगायला तुमच्याशिवाय कोणी सुचेना. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली. तेव्हा मी इथे टेक्ससमध्ये नव्या नोकरीत होतो, बातमी पोचायलाच महिना लागला. आता निवृत्त झालोय, शुगर लँडमध्ये राहतो, आणि तुम्ही हसाल, पण एका रग्बी लीग क्लबचा सेक्रेटरी आहे. मुलगी खेळते म्हणून बघायला गेलो होतो. रिकामा माणूस दिसल्यावर त्यांनी रजिस्टर माझ्याच हातात दिलं. तेरा जणींचा संघ. चेंडू घेऊन घुसायचं, समोरच्यांनी पाडायचं, सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. म्हणजे तुम्ही शिकवलेली पकडच, फक्त तोंडानं कबड्डी कबड्डी म्हणायचं नाही.

गेल्या वर्षी आमच्या मैदानावर घरं बांधायला घेतली. शुगर लँडमध्ये दुसरी जागा मिळेना. शेवटी शेजारच्या गावच्या पार्क ऑफिसनं एक मोकळी जागा दिली, पण एका सीझनपुरती. गावातले लोक बघायला आले तर पुढे बघू, नाही तर ती जागा सॉकरला. मैदान नाही तर क्लब बंद, हे सगळ्यांना कळत होतं. मुलगी तो आठवडाभर घरात कोणाशी धड बोलली नाही. मी कंबर कसली आणि पहिला सामना शुक्रवारी संध्याकाळी ठेवला. माझी मुलं शाळेत ऑर्केस्ट्रात होती, त्यामुळे शुक्रवारी इथलं अख्खं गाव शाळेच्या अमेरिकन फुटबॉलला जातं हे इतकी वर्षं राहूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. मग रविवारी सकाळी दहाला ठेवला. मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स चर्च टाइम. सीरियसली?" शेवटी शनिवार धरला. आमचे तंबू, आमचे स्पीकर, बर्फाच्या आमच्या पेट्या, इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी केलेले बटाटेवडे, सगळा लवाजमा घेऊन गेलो. नऊ जण आले, त्यातले सात आमचेच. रस्त्यापलीकडे लोक अंगणात खुर्च्या टाकून बसले होते, पण रस्ता ओलांडून कोणी आलं नाही. शुगर लँडवाले आलेत, खेळतील आणि जातील, असंच त्यांना वाटत असणार.

घरी येताना गाडीत तुमचा तो दिवस आठवला. आम्ही सातवीत आहोत, नदीपलीकडच्या गावात सामना आहे. आम्ही एका बाजूला झाडाखाली बसून घरून आणलेल्या बाटल्यांतलं पाणी पितोय, डबे उघडतोय. त्या गावची एक बाई कळशी घेऊन उभी आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाहीये. तुम्ही येता आणि माझी बाटली हातातून काढून घेता. "त्यांच्या गावात येऊन स्वतःचं पाणी पितोस? मग त्यांनी तुझ्यासाठी टाळ्या कशाला वाजवायच्या?" आवाज चढलेला नाही, पण माझे कान तापलेत. मग तुम्ही आम्हाला त्या बाईच्या कळशीतलं पाणी प्यायला रांगेत उभं केलंत, आणि मैदान आखायला त्याच गावच्या पोरांना फक्कीचं घमेलं दिलंत. दुपारी तीच पोरं आमच्या चढायांना ओरडत होती.

पुढच्या शुक्रवारी मी त्या गावच्या फुटबॉलला गेलो. त्यांच्यातच बाकावर बसलो, कळेल तितक्या टाळ्या वाजवल्या, आणि सामना संपल्यावर शाळेचं मैदान आखणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना गाठलं. म्हटलं, आमच्या रेषा वाकड्या येतात, आखून द्याल का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यू फोक्स फ्रॉम शुगर लँड?" हो म्हटलं. "वेल, अबाउट टाइम समबडी आस्क्ड."

शनिवारी ते पहाटेच येऊन रेषा मारून गेले, आणि सामन्याला बायकोला घेऊन परत आले. मी सगळ्यांना बजावलं होतं, घरून काही आणायचं नाही. मुली तहानेनं कासावीस झाल्या, मला शिव्याही दिल्या असतील. ते बघून त्या म्हाताऱ्यांच्या बायकोनं पाणी घेऊन या म्हणून चर्चमधल्या मैत्रिणींना फोन केले, रस्त्यापलीकडच्या खुर्च्या अलीकडे आल्या. त्यानंतर दर शनिवारी माणसं वाढत गेली. परवाच्या शेवटच्या सामन्याला बसायला जागा नव्हती. हरलो, आणि तेही सपाटून, पण पार्क ऑफिसच्या बाई मध्यंतरातच येऊन सांगून गेल्या, पुढच्या वर्षीही मैदान तुमचंच. मुलीनं चिखलानं भरलेल्या हातांनी मला मिठी मारली. "वी गॉट इट, बाबा." किती महिन्यांनी छातीवरचा धोंडा उतरला सर, रात्री मेल्यासारखा झोपलो.

हे पत्र कुठे पाठवणार, क्लबच्या रजिस्टरात ठेवून देतो. फक्त एक राहिलंय. त्या दिवशी रांगेत माझी पाळी आली तेव्हा मी तांब्या तोंडाला लावला, पण प्यायलो नाही. परगावचं पाणी बाधतं असं आईनं दहादा सांगितलं होतं. तुम्ही पाठीवर थाप दिलीत आणि मी ती गुपचूप घेतली. परवा त्या म्हाताऱ्यांच्या बायकोनं बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास पुढे केला, इथल्या पद्धतीचा, साखरेनं घट्ट झालेला. डॉक्टरांनी मला साखर बंद केलीय हे ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. सगळा ग्लास संपवला, आणि आणखी एक मागून घेतला.