गोकर्णीचं शास्त्रीय नाव

२ मार्च
मनीषा मडावी पहिली आली. गडचिरोलीच्या प्रदर्शनात, बी.एस्सी.च्या सगळ्या पोरांत. माझी विद्यार्थिनी. गोकर्णीच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळं, सोडा टाकला की हिरवं. परीक्षक बघतच राहिले.
संध्याकाळी तिच्या वडिलांचा, सोमाजीभाऊंचा फोन. "मॅडम, चौकात फ्लेक्स लावून राह्यलो. मजकूर तुमीच सांगा. भारी पायजे." सांगितला. फुलाचं शास्त्रीय नाव मोठं टाका म्हटलं, वजन येतं. क्लिटोरिया टर्नेटिया. अक्षर न् अक्षर फोनवर सांगितलं. आपल्याकडे कोणाच्याही वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, ही तर गुणी पोर.

४ मार्च
फ्लेक्सचा फोटो आला. मनीषा, बाजूला निळं फूल, आणि खाली लॅटिन नाव तिच्या नावापेक्षा मोठं. यांना दाखवला. "ही क्लिटोरिया कोण्या देशाची राणी?" फॅक्टरीतल्या माणसाला काय कळणार, म्हटलं.

६ मार्च
मनीषा वर्गात नाही. दुपारी हॉस्टेलवरून तिचाच फोन, रडत. "बाबा न्यायले आले. फ्लेक्स फाडला त्याइनं. कोनीतरी मोबाईलवर त्या नावाचा अर्थ पाह्यला, मॅडम. फोटो बी निघाले."
कसले फोटो, विचारलं. फोन बंद.
मग मी स्वतः पाहिलं. स्टाफरूममध्ये, पाठ भिंतीला लावून.
बाईच्या गुप्तांगाचा तो भाग. नाव ठेवणाऱ्याला फुलात तेच दिसलं. आपल्या लोकांना गायीचा कान दिसला. आणि मी इतकी वर्षं फळ्यावर लिहितेय, घोकून घेतेय, तोंडी परीक्षेत पोरी खणखणीत आवाजात सांगतायत. दुसरा शब्द एका बेटावरून आला, एवढं मी ऐटीत सांगायचे. पहिल्याचा अर्थ कोणी विचारला नाही. मलाही कधी विचारावासा वाटला नाही. आम्ही नावं पाठ करतो, बस.


७ मार्च
प्राचार्यांनी बोलावलं. "दुसरं फूल नव्हतं का मॅडम? झेंडू, जास्वंद..." कॉलेजच्या बागेतली गोकर्णीची पाटी काढा म्हणाले. मी म्हटलं, सर, जगभर हेच नाव चालतं, आपण बदलू शकत नाही. "जगाचं जग पाहील. आपल्याले इथी ॲडमिशन पायजेत." माळीभाऊंनी पाटी उपटली. माझा संताप संताप.
प्रॅक्टिकल १६ ला. मनीषा नाही बसली तर वर्ष गेलं. आणि घरी बसलेल्या पोरीचं वर्ष कुठे जातं ते मला माहीत आहे. पाहुणे बघायला येतात.

९ मार्च
सोमाजीभाऊंनी एकदाचा फोन उचलला. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"तुमी शिकलेल्या बाई. माझ्या पोरीच्या फोटोखाली काय लिवून देल्लं तुमी? मले चौकातून जाता येत नाई."
भाऊ, खरंच माहीत नव्हतं. शास्त्रातलं नाव आहे, त्यात वाईट काही नाही.
"वाईट नाई, तं गावात येऊन सांगा. सगळ्याइच्या समोर. मंग पाहू."

१२ मार्च
आरशासमोर सराव. मराठीत धड शब्दच नाही. एक पुस्तकातला, तो मलाही नीट उच्चारता येत नाही. बाकीच्या सगळ्या शिव्या. शिकवताना लॅटिनच्या आड किती बिनधास्त असते मी.
यांनी ऐकलं. दाढी करता करता गाल कापला. "हे तू बोलशील? माणसांत?"
भीती वाटते. नोकरीची नाही. तोंड उघडेन आणि काही निघणारच नाही, याची.

१५ मार्च, परतीच्या एस्टीत
अक्षर हलतंय.
चामोर्शीच्या पुढे, मनीषाच्या गावी उतरले तर माणसं आधीच जमलेली. पुढे पुरुष, मागे बाया. मनीषा आईच्या मागे, मान वर नाही.
बोलले. आधी गायीचा कान, मग बेट, मग ते. पुस्तकी शब्द सांगितला, कोणाला कळला नाही. म्हणून सोप्या मराठीत सांगितलं, कुठे असतं ते. माझा आवाज मलाच परका. पुरुष जमिनीकडे बघत होते. एक म्हातारा उठून गेला.
मग मागून मनीषाची आई. पदर सावरत, भाजीचा भाव विचारावा तितक्या सहज:
"एवढंच व्हय? ते तं सगळ्याच बायाइले असते. त्याच्यापायी पोरीची परीक्षा बुडवता का?"
मी तीन दिवस आरशासमोर घालवले त्यासाठी. बायांत कोणीतरी फिस्सकन हसलं. सोमाजीभाऊ बायकोकडे बघत राहिले, जणू पहिल्यांदाच बघतायत. चेहरा लाल की पांढरा, सांगता येत नाही. उठले आणि रानाच्या वाटेने निघाले. कोणी थांबवलं नाही.
मनीषाला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती त्या वाटेकडे बघत म्हणाली, "बाबा आल्याबिगर कशी येऊ?"
शेवटची गाडी होती. मी चढले. उद्या अकराला प्रॅक्टिकल आहे, आणि सकाळी गावातून एकच एस्टी निघते.