निवडुंग हलणार नाही

चि. अजिनाथ यास,

थोरल्या बहिणीचे, म्हणजे बनुबाईचे, पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, भावजयबाईच्या, म्हणजे रेश्माच्या, शिंका थांबल्या असतील, असं धरून चालते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त एकमेकांशी बोलत नाही. फोन सोडून पत्र का, तर फोनवर माझ्या तिसऱ्या वाक्याला तू "अक्का, रेंज जाती" म्हणतोस. कागदाची रेंज जात नाही. शेवटपर्यंत वाच.

तुझ्या लाडक्या भाच्यानं, राधाकृष्णानं, पारनेरच्या या माळावर, जुन्या घराच्या जागी, बंगला बांधला. चांगला बांधला, मी नाव ठेवत नाही (जिना अरुंद आहे, पण ते असो). पुढच्या आठवड्यात वास्तुशांत. आता बंगल्याच्या जुन्याच फाटकाशी माझा फड्या निवडुंग, फाटकावर चढलेली कांडवेल, कडुलिंबावर गुळवेल आणि खाली फुटक्या टोपल्यांत बोटभर उंचीची माकडशिंगं. तुझे दाजी गेले त्या वर्षी घरात बसवत नव्हतं म्हणून मी शेरडं घेऊन डोंगराला जायची, आणि येताना एकेक कांडी पदरात घालून आणायची. पुढं टँकरच्या उन्हाळ्यात सूनबाईचे गुलाब गेले, मोगरा गेला, माकडशिंगाला मात्र फुलं आली (वास घेऊ नये, माश्या घेतात). त्यांनी माझ्याकडे कधी तांब्याभर पाणी मागितलं नाही. करोनात गुळवेलीसाठी अख्खं गाव याच फाटकाशी रांग लावून उभं होतं, आणि आता तेच लोक म्हणतात, "बनुबाई, हे काय रान माजवलंय?"

राधाकृष्णाला तिथं लॉन पाहिजे. त्यानं शिर्डीकडून एक वास्तुवाले साहेब आणले. पांढरे बूट, पांढरी पँट, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये दिशा. साहेब म्हणाले, दारात काटेरी झाड म्हणजे घरात भांडण. मी म्हटलं, "साहेब, झाड कवाचं हाय. भांडण तुमी आल्यावर सुरू झालं." राधाकृष्ण माझ्याकडे बघायला लागला, त्याच्या लहानपणी मी त्याच्याकडे बघायची तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी दारात हजर.

मी काय केलं, तर निवडुंगापुढं बाज टाकली आणि तुरीची डाळ निवडत बसले. जेसीबीवाला म्हणाला, "आजी, बाज उचला." मी म्हटलं, "तू मशीन उचल." तो बिचारा मशीन बंद करून सावलीत बसला, सूनबाईनं, निकितानं, त्याला चहा दिला. राधाकृष्ण ओरडला, "आई, लोक बघत्यात!" बघू देत की! शेजारची रंगुबाई तर घरून खुर्ची घेऊन आली होती.

तेवढ्यात वास्तुवाले साहेब आले आणि फाटकाची दिशा नीट धरायची म्हणून मोबाईलवर नजर ठेवून मागं मागं सरकू लागले. मी ओरडले, खोटं सांगत नाही, दोनदा ओरडले. पण त्यांना वाटलं, म्हातारी अजून भांडतेय. पुढं काय झालं ते पांढऱ्या पँटीला विचार. निवडुंगाचा मोठा काटा एक वेळ परवडला, त्याची बारीक कुसळं असतात ना, ती माणसाला बसूही देत नाहीत आणि सांगूही देत नाहीत. साहेबांना माझ्याच बाजेवर पालथं घातलं. निकितानं भुवया कोरायचा चिमटा दिला आणि तोंडात पदर कोंबून आत पळाली. मी चष्मा लावून बसले. साहेब पालथ्या तोंडानंही सांगत होते, "बघा, दोष आहेच." मी विचारलं, "साहेब, हा काटा कंच्या दिशेचा?" त्यावर जेसीबीवाल्याला चहाचा ठसका लागला.

साहेब टेम्पोत उभ्यानं गेले, जेसीबी रिकामा गेला. राधाकृष्ण जेवला नाही. मी जेवले, चांगली कांडवेलीची चटणी करून जेवले. आता तू मला समजावायचं नाहीस, मामा म्हणून त्याची बाजू घ्यायची नाहीस. मी सांगून ठेवलंय, माझ्या झाडांचं एक पान हलणार नाही.

तुझी,
बनूअक्का

ता. क. : काल संध्याकाळी राधाकृष्ण माझ्याशेजारी बाजेवर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आई, पूजेला बारकी पोरं येतील. एखाद्याच्या डोळ्यात काटा गेला तर?" बोलला ते खरं होतं. त्याला मी तसं सांगितलं नाही, पण रात्रभर तेच मनात घोळलं. पान हलणार नाही हा माझा शब्द कायम आहे. माकडशिंगाला पानं नसतात, आणि निवडुंगाचा नुसता फडा असतो. कांडवेल आणि गुळवेल जागच्या जागी राहतील, त्यांना काटा नाही.

आणखी ता. क. : तुझ्या सावेडीच्या घराच्या गॅलरीला दुपारचं ऊन झकास येतं, हे मी दिवाळीतच बघून ठेवलं होतं. हे पत्र तौफिक टेम्पोवाल्याच्या हातीच दिलंय. तू वाचतोयस तोवर तो खाली उभा आहे. चौदा गोण्या आहेत. रेश्माला म्हणावं, उघड्या हातानं उतरवू नकोस.